लेकीच्या कोपरात घातलेल्या ३ तारा: ऑपरेशन, ती रात्र आणि नंतरचे आठवडे

हे मी अशा आईवडिलांसाठी लिहितेय ज्यांच्या हातात आत्ता लेकराचा एक्स-रे आहे आणि डॉक्टर म्हणालेत की तारा घालाव्या लागतील. आमच्याकडे हे झालं त्याला आता आठ महिने होतील. त्या रात्री मी मोबाईलवर शोधत बसले होते आणि जे सापडलं ते एकतर डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेलं, नाहीतर वाचून हातपाय गळतील असं. हॉस्पिटलचं नाव घेणार नाही, कारण चांगलं लिहायचंय तसं खटकलेलंही लिहायचंय, आणि तिथल्या ज्या लोकांनी माझ्या पोरीचा हात वाचवला त्यांना एका कागदाच्या चुकीपायी नावं ठेवली जावीत असं मला अजिबात वाटत नाही.

घाईत असाल तर एवढंच वाचा. ऑपरेशन उत्तम झालं, हाड सरळ जुळलं, आज हात पूर्ण चालतो. घरी सोडताना दिलेली माहिती मात्र फारच तोकडी होती आणि त्यामुळे आमचे तीन आठवडे उगाच भीतीत गेले. आणि माझ्या मते या सगळ्या ट्रीटमेंटचा खरा कस लागतो तो बोटं कोण बघतं आणि किती वेळा बघतं यावर, एक्स-रे कितीही छान येऊ दे. असं का म्हणतेय ते पुढे सांगते.

लेक सहा वर्षांची. खेळायच्या शिडीवरून पडली आणि पडताना सगळी मुलं करतात तेच तिने केलं, हात पुढे टेकवला. कोपर उलट्या बाजूला ताणलं गेलं आणि दंडाचं हाड कोपराच्या जरा वर, जिथे ते चपटं आणि पातळ असतं, तिथे मोडलं. याला सुप्राकॉन्डायलर फ्रॅक्चर म्हणतात. मुलांच्या कोपराच्या फ्रॅक्चरमध्ये सगळ्यात जास्त हेच होतं आणि तेही साधारण ५ ते ७ वर्षांच्या मुलांमध्ये. हात बघताक्षणी कळलं की नुसतं मुरगळलेलं नाहीये, बाजूने बघितलं तर कोपर वेडंवाकडं, पुढे एक उंचवटा आणि मागे एक खळगा. मी घाबरून हात सरळ करायला गेले आणि नवऱ्याने माझं मनगट धरलं, म्हणाला आहे तसाच राहू दे. फार बरं झालं, कारण नंतर कळलं की मोडलेल्या हाडाचं वरचं टोक धारदार असतं आणि त्याच्या अगदी पुढून हाताची मोठी रक्तवाहिनी आणि नसा जातात. तुम्हीही हेच करा, हात ज्या स्थितीत आहे त्या स्थितीत पुठ्ठा नाहीतर उशी लावून आधार द्या आणि निघा. आणि वाटेत पोराला काही खायला प्यायला देऊ नका, भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं लागतं, साधारणपणे जेवणानंतर ६ तास आणि साध्या पाण्यानंतर २ तास तरी.

कॅज्युअल्टीत जी डॉक्टर मुलगी ड्युटीवर होती ती वयाने लहानच असेल पण तिने जे केलं ते मी विसरणार नाही. एक्स-रेला पाठवायच्या आधी ती लेकीसमोर गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, चल आपण एक खेळ खेळू, मी करते तसं तू कर. आधी मूठ. मग पंजा पूर्ण उघडा. मग कात्री. मग अंगठा आणि पहिलं बोट जोडून गोल, ओके करतो ना तसं. मूठ झाली, कशीबशी. पंजा झाला. कात्री झाली. गोल मात्र होईना. लेकीने अंगठा आणि बोट जोडलं पण दोन्हीची टोकं वाकतच नव्हती, सपाट चिमटीसारखं व्हायचं, जसं आपण कागद धरतो तसं. ती पुन्हा पुन्हा करून बघत होती आणि मी आपली म्हणत होते अगं दुखतंय म्हणून होत नसेल. डॉक्टर काही बोलली नाही, दुसऱ्या हाताने करून दाखव म्हणाली, त्या हाताने छान गोल झालं. मग तिने फाईलमध्ये वेळ घालून लिहून ठेवलं.

या चार खेळांत तीन नसा तपासून होतात. मूठ मीडियन नसेची, पंजा उघडणं रेडियल नसेचं, कात्री अल्नर नसेची, आणि तो गोल म्हणजे मीडियनच्याच एका फांदीचा, जिचं नाव अँटिरियर इंटरऑसियस. हाड मागे सरकतं त्या प्रकारच्या फ्रॅक्चरमध्ये सगळ्यात जास्त दुखावते ती हीच फांदी. आणि तिच्यात एक गोची आहे, ही नस त्वचेला स्पर्शज्ञान देत नाही, त्यामुळे कुठे बधिर होत नाही, मुंग्या येत नाहीत, मूल काहीच तक्रार करत नाही. फक्त दोन टोकं वाकत नाहीत. कोणी मुद्दाम बघितलं तरच सापडतं. आणि ऑपरेशनच्या आधी लिहून ठेवलं नाही तर नंतर सापडल्यावर कळणार कसं की पडल्यामुळे झालं की तार घालताना झालं? म्हणून माझा पहिला सल्ला हा की तुमच्या मुलाच्या हाताची ही तपासणी ऑपरेशनच्या आधी झाली का ते विचारा, नसेल झाली तर करा म्हणून सांगा, यात लाजण्यासारखं काही नाही.

मनगटाची नाडीही बघितली तिने, आणि नखं दाबून बघितली, दाबलं की पांढरं होतं आणि सोडलं की दोन सेकंदांत गुलाबी व्हायला पाहिजे. नाडी लागत होती आणि हात गरम होता. हात पांढरा आणि थंड पडला असता तर तडक ओटीत घेतलं असतं, थांबलेच नसते.

एक्स-रे बघून मी तर हादरलेच कारण मला सगळीकडे तुकडेच तुकडे दिसत होते. मोठ्या डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की मुलांच्या कोपराचा बराच भाग त्या वयात कूर्चा असतो आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही, त्यामुळे हाडाची वेगवेगळी बेटं तरंगत असल्यासारखी दिसतात. ती बेटं वयानुसार एकामागून एक उगवतात, पहिलं वर्षाच्या आसपास आणि शेवटचं साधारण अकराव्या वर्षी, आणि मग सगळी जोडली जातात. म्हणजे मी ज्याला तुकडा समजत होते तो तिच्या वयाला अगदी नॉर्मल होता. खरा मोड वर होता आणि खालचा तुकडा पूर्ण मागे सरकलेला, दोन टोकांचा एकमेकांशी काही संबंधच राहिला नव्हता. गार्टलँड नावाच्या डॉक्टरांनी १९५९ मध्ये याचे तीन प्रकार सांगितले, पहिला म्हणजे हाड हललंच नाही, दुसरा म्हणजे पुढून उघडलंय पण मागचं साल अजून जोडलेलं आहे, आणि तिसरा म्हणजे पूर्ण सुटलंय. आमचा तिसरा. पहिल्या प्रकाराला नुसत्या प्लास्टरवर भागतं, दुसऱ्यात डॉक्टर बघून ठरवतात, तिसऱ्याला तारा.

मी विचारलं की हाड बसवून नुसतं प्लास्टर का नको, एवढ्याशा पोरीला ऑपरेशन कशाला. मला वाटतं हा प्रश्न प्रत्येक आई विचारत असेल. त्यांनी माझाच हात घेऊन दाखवलं. बसवलेलं हाड तारेशिवाय जागेवर राहायला हवं तर कोपर खूप दुमडून ठेवावं लागतं, ९० अंशांच्या बरंच पुढे. आणि कोपर सुजलेलं असताना इतकं दुमडलं की पुढची रक्तवाहिनी दाबली जाते. म्हणजे हाड सांभाळायला गेलं तर रक्तपुरवठा जातो आणि रक्तपुरवठा सांभाळायला हात सैल ठेवला तर हाड घसरतं. तारा घातल्या की हाड तारांवर टिकतं आणि कोपर ९० अंशांपेक्षा थोडं सैल ठेवता येतं, सुजेला जागा मिळते. हे ऐकल्यावर माझा विरोध तिथल्या तिथे संपला. इतकी साधी गोष्ट आणि इतकी महत्त्वाची, आणि समजावायला त्यांना दोन मिनिटं लागली असतील.

दुसरं असं की मुलांची हाडं वाकडी जुळली तरी वाढताना सरळ होतात असं आपण ऐकलेलं असतं. ते मनगटाजवळ बऱ्यापैकी खरं आहे पण इथे तितकं नाही, कारण दंडाच्या हाडाची साधारण ८० टक्के वाढ खांद्याकडच्या टोकातून होते आणि कोपराकडून फक्त २० टक्के. त्यामुळे इथे हाड बाजूला कललेलं जुळलं तर हात कायमचा आतल्या बाजूला वाकडा दिसतो. वापराला बहुतेक वेळा अडत नाही, पण सरळ करायचा तर पुढे हाड कापून पुन्हा ऑपरेशन.

ऑपरेशन त्याच रात्री झालं नाही, सकाळी झालं. त्या रात्री मला याचा भयंकर राग आला होता, पोरगी विव्हळतेय आणि हे सकाळी म्हणतायत. पण नाडी लागतेय, हात गरम आहे, त्वचा फाटलेली नाही, दुखणं औषधाने आटोक्यात आहे, अशा वेळी रात्रभर थांबून सकाळी ताज्या आणि पूर्ण टीमने करणं हेच बऱ्याच ठिकाणी केलं जातं आणि त्याने नुकसान होत नाही. आता पटतं. हेच जर कोणी रात्री दहा वाजता बाकावर आमच्याजवळ बसून सांगितलं असतं तर आमची रात्र वेगळी गेली असती, ते कोणी केलं नाही. एवढं मात्र झालं की रात्री दर तासाला कोणीतरी येऊन नाडी आणि बोटं बघून जात होतं.

ऑपरेशनबद्दल. पूर्ण भूल दिली. आत काय झालं ते मला नंतर कागदावर चित्र काढून सांगितलं, ते चित्र मी जपून ठेवलंय. हात हळूहळू ओढून धरतात म्हणजे आवळलेले स्नायू सैल होतात, मग खालचा तुकडा बाजूने सरळ करतात, मग कोपर दुमडत दुमडत मागून अंगठ्याने तो तुकडा पुढे ढकलतात. हे सगळं न कापता, सी-आर्म म्हणून जे एक्स-रेचं मशीन असतं त्याच्या पडद्यावर बघत. हाड बसलं की त्वचेतूनच तारा ड्रिलने आत घालतात. या तारांना के-वायर म्हणतात, मार्टिन कर्शनर या जर्मन सर्जनच्या नावावरून, त्यांनी त्या १९०९ मध्ये आणल्या. जाडी दीड ते दोन मिलिमीटर, मुलाच्या अंगाप्रमाणे. लेकीला ३ घातल्या, तिन्ही कोपराच्या बाहेरच्या बाजूने, पंख्याच्या काड्यांसारख्या फाकवून.

बाहेरूनच का, तर आतल्या बाजूला कोपराच्या हाडामागून अल्नर नस जाते, तीच जी टेबलाला आपटली की करंट बसतो. आतून तार घातली तर त्या नसेला इजा व्हायचा धोका असतो. काही सर्जन एक आतून आणि एक बाहेरून अशा आडव्या घालतात, काही फ्रॅक्चरला त्याची गरज पडते आणि तशी घट्ट पकडही चांगली बसते, मग ते आतल्या बाजूला छोटा छेद घेऊन नस सांभाळून घालतात. त्यामुळे शेजारच्या बेडवरच्या मुलाला वेगळ्या घातल्या म्हणून आपल्याला चुकीच्या घातल्या असं समजू नका. आम्ही विचारलं होतं की तारा वाढीच्या जागेतून जातात मग हात आखूड राहील का. त्या बारीक आणि गुळगुळीत असतात, आटे नसतात, आणि थोड्याच आठवड्यांत निघतात, त्यामुळे सहसा वाढीवर परिणाम होत नाही. संमतीच्या कागदावर हेही होतं की न कापता हाड बसलं नाही तर कापून बसवावं लागेल. सही करताना हात थरथरतो, पण हे आधी सांगितलं हे बरंच केलं.

ओटीच्या बाहेर आम्ही पाऊण तास होतो. त्यातही बराचसा वेळ भूल चढायला आणि उतरायला गेला.

आता ती रात्र. ऑपरेशन झालं, एक्स-रे छान आला, सगळे खूश, मीसुद्धा. हाताला मागून अर्धं प्लास्टर म्हणजे स्लॅब आणि वरून बँडेज. संध्याकाळपर्यंत लेक शांत होती. रात्री नऊच्या पुढे रडायला लागली. औषध दिलं, अर्धा तास बरी, पुन्हा सुरू. ड्युटीवर एक जण येऊन बघून म्हणाले, ऑपरेशन झालंय तर दुखणारच, मुलं रडतातच. आणि गेले. मी पण ते मानलं, कारण खरंच वाटतं ना, दुखणारच. पण अकरा वाजता ड्युटी बदलली आणि ज्या सिस्टर आल्या त्यांनी आधी औषधांचा कागद बघितला. दोन तासांत दुसऱ्यांदा औषध मागितलं गेलंय हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी लेकीची बोटं हातात घेतली, नखं दाबली, आणि हळूच एक बोट सरळ केलं. लेक किंचाळली. सिस्टर मला एवढंच म्हणाल्या, ताई, मी डॉक्टरांना बोलावते, तुम्ही हात असाच धरून ठेवा.

डॉक्टर पंधरा मिनिटांत आले. त्यांनी कात्री घेतली आणि बँडेज खांद्यापासून बोटांपर्यंत कापलं, वरचं बँडेजच नाही तर आतला कापूससुद्धा, अगदी कातडी दिसेपर्यंत. कोपराच्या खळग्यात कापूस गोळा होऊन पिळल्यासारखा झाला होता आणि तिथे कातडीवर लाल वळ उठला होता. सगळं मोकळं करून स्लॅब सैल बांधला, कोपर थोडं उघडलं. आणि मग ते गेले नाहीत, तिथेच उभे राहिले, दर काही मिनिटांनी बोट सरळ करून बघत होते. वीस मिनिटांत लेकीचं रडं कमी झालं. तासाभरात झोपली.

मी नंतर विचारलं की तुम्ही कशाला घाबरला होता. म्हणाले, हाताच्या पुढच्या भागातले स्नायू एका घट्ट आवरणात असतात, आत सूज वाढली आणि बाहेरून बँडेज आवळलं की आतला दाब इतका वाढतो की स्नायूंना रक्तच मिळत नाही. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. काही तास गेले तर स्नायू मरतात आणि बोटं कायमची आत वळून बसतात. फोल्कमन या सर्जननी १८८१ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून त्या वाकड्या हाताला त्यांचं नाव आहे. लहान मूल नीट सांगू शकत नाही, त्यामुळे मुलांमध्ये तीन गोष्टींकडे बघायचं: बेचैनी वाढतेय का, भीती वाढतेय का, आणि दुखण्याचं औषध जास्त जास्त लागतंय का. यातली तिसरी सगळ्यात महत्त्वाची, आणि ती त्या सिस्टरनी कागदावरून पकडली. नाडी लागतेय म्हणजे सगळं ठीक आहे असंही समजायचं नाही, नाडी शेवटपर्यंत लागू शकते.

म्हणून मी वर म्हटलं की कस बोटांवर लागतो. त्या रात्री एक्स-रे उत्तमच होता. ज्यांनी मुलं रडतातच म्हटलं त्यांचं मी सकाळी मोठ्या डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्यासमोर लिहून घेतलं, हे मला आवडलं. तुम्ही जर आज रात्री मुलाजवळ बसणार असाल तर दर तासाला स्वतः बघा: बोटं गुलाबी आहेत का, गरम आहेत का, हलवतोय का, आणि तुम्ही हळूच सरळ केल्यावर खूप दुखतंय का. शंका आली तर सिस्टरना उठवा, दहा वेळा उठवा.

दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज. इथून पुढची सर्व्हिस मला खरंच कमी पडलेली वाटली. कार्डावर लिहिलं होतं हात उंच ठेवणे, ओला न करणे, एक आठवड्याने दाखवणे. बास. कोणी सांगितलं नाही की तारांची टोकं कातडीच्या बाहेर आहेत. मला वाटत होतं सगळं आत असतं. घरी आल्यावर एक्स-रे उजेडाला धरला तेव्हा तिन्ही तारा बाहेरच्या बाजूला वाकवलेल्या दिसल्या आणि मला वाटलं तारा निसटल्या. रात्री फोनवर फोन केले. खरं म्हणजे त्या मुद्दाम बाहेर ठेवतात आणि टोकं वाकवतात, म्हणजे आत सरकत नाहीत आणि नंतर न कापता ओढून काढता येतात. वाकवलेल्या टोकाखाली मऊ पॅड ठेवतात म्हणजे कातडीला टोचत नाही. एवढं एक वाक्य जर आधी कोणी बोललं असतं.

आम्ही विचारून विचारून जे शिकलो ते लिहिते. पहिले दोनतीन दिवस हात उशीवर, हृदयाच्या वर. झोपताना उशी सरकते, आम्ही तिच्या बाजूला दोन उश्या लावून ठेवायचो. झोळी गळ्यात नीट, हात लोंबकळता कामा नये. अंघोळीला प्लास्टरवर प्लास्टिकची पिशवी बांधली तरी पाणी शिरतं, त्यामुळे आम्ही अंग पुसूनच काढलं. खाज सुटते, खूप सुटते, पण आत पट्टी किंवा पेन्सिल घालायची नाही, तारांना धक्का लागतो आणि जखम होते. ताप आला, प्लास्टरला घाण वास आला, ओलसर डाग दिसला किंवा शांत झालेलं दुखणं पुन्हा सुरू झालं तर लगेच दाखवायचं, तारेच्या तोंडाशी कधी कधी जंतुसंसर्ग होतो. बहुतेकदा तो वरवरचा असतो आणि औषधाने आणि तार काढल्यावर बरा होतो, पण दुर्लक्ष करायचं नाही.

आठवड्याने एक्स-रे झाला, हाड जागेवर होतं आणि सूज उतरल्यामुळे पूर्ण प्लास्टर घातलं. हा एक्स-रे टाळू नका, घसरलेलं हाड पहिल्या आठवड्यात सापडलं तर पुन्हा बसवता येतं, तीन आठवड्यांनी ते जुळलेलं असतं.

तारा काढणं. याची भीती मला ऑपरेशनपेक्षा जास्त होती कारण कळलं की भूल न देता ओपीडीतच काढतात. साधारण ३ ते ४ आठवड्यांनी काढतात, आमच्या २४व्या दिवशी काढल्या. प्रत्यक्षात काय झालं तर लेक सगळ्यात जास्त रडली ती प्लास्टर कापायच्या मशीनला. त्याचा आवाज फार मोठा असतो. ते पातं गोल फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं, त्यामुळे कडक प्लास्टर कापलं जातं आणि मऊ कातडी सहसा कापली जात नाही, ड्रेसिंग करणाऱ्या काकांनी ते आधी स्वतःच्या तळहाताला लावून दाखवलं. तरी ती रडलीच. मग कोपर उघडं पडलं, बारीक झालेला हात, कोरडी साल निघणारी कातडी, आणि बाहेरच्या बाजूला तीन वाकडी टोकं. काकांनी पुसलं, पकडीत धरलं आणि थोडं फिरवून ओढलं. पहिली निघाली तेव्हा लेक आई असं ओरडली, आणि मी तिचा दुसरा हात घट्ट धरला तोवर दुसरी निघाली होती. तिसरीला तिने स्वतःच मान वळवून बघितलं. तिन्ही मिळून मिनिटभर लागलं नसेल. रक्ताचा एक एक थेंब आला, कापसाने दाबलं, पट्टी लावली. दुसऱ्या दिवशी पट्टीवर डागही नव्हता.

हेच जर आठवडाभर आधी तिला सांगता आलं असतं, मशीनचा आवाज होईल, मग तीन वेळा ओढल्यासारखं वाटेल आणि संपलं, तर ती तयार होऊन गेली असती. मुलांना खरं सांगितलेलं चालतं. आम्हालाच माहीत नव्हतं तर तिला काय सांगणार.

त्यानंतर हात आखडलेला होता, पूर्ण सरळ होईना आणि पूर्ण दुमडेना. घरचे सगळे म्हणायला लागले मालिश करा, रोज थोडं थोडं ताणा. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं की कोणी जोर लावून हात सरळ करायचा नाही, चोळायचा नाही. जबरदस्तीने ताणलं तर कोपर आणखी सुजतं, आखडतं, आणि स्नायूत हाड तयार होऊ शकतं. मुलांना बहुतेक वेळा फिजिओथेरपीचीही गरज लागत नाही, खेळता खेळता हात सुटतो. माझ्या सासूबाईंशी यावरून दोन दिवस बोलणं बंद होतं, मग मी त्यांना फॉलोअपला बरोबर घेऊन गेले आणि डॉक्टरांनी त्यांनाच समजावलं. त्या दिवसापासून सासूबाईंनीच घरातल्या बाकीच्यांना हात लावू दिला नाही. आमचं वेळापत्रक सांगायचं तर महिन्याभरात हात बराच सुटला, शेवटचा थोडासा दुमडण्याचा भाग चौथ्या महिन्यात आला.

आणि तो गोल. रोज संध्याकाळी आम्ही करून बघायचो. पाचव्या आठवड्यात नाही, सातव्यात नाही. डॉक्टर म्हणत होते की अशा नसा बहुतेक वेळा नुसत्या ताणलेल्या असतात, तुटलेल्या नसतात, काही महिन्यांत आपोआप येतात, वाट बघा. वाट बघणं फार अवघड असतं हो. दहाव्या आठवड्यात एकदा ती मणी ओवत बसली होती आणि मी बघितलं की तिने बारीक मणी चिमटीत उचललाय, अंगठ्याचं टोक वाकवून. तिला काही कळलंच नाही की काय झालंय. मी आत जाऊन रडून आले.

एक गोष्ट लक्षात ठेवा, हे सगळं सुप्राकॉन्डायलरबद्दल आहे. कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याचं म्हणजे लॅटरल कॉन्डाइलचं फ्रॅक्चर असेल तर गोष्ट वेगळी, ते सांध्यात जातं, जुळायला जास्त वेळ घेतं, कधी जुळतच नाही, त्यामुळे तिथे बऱ्याचदा कापून बसवतात आणि तारा जास्त दिवस ठेवतात. माझे आठवडे त्याला लावू नका.

ऑपरेशनला आणि त्या रात्रीच्या सिस्टरना माझ्याकडून पाचपैकी पाच. समजावून सांगण्याला ऑपरेशनआधी पाच, डिस्चार्जला दोन. मागच्या महिन्यात शेवटच्या तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी लेकीला दोन्ही हात समोर सरळ करायला लावले, तळवे वर, आणि दोन्ही कोपरांचा कोन बघितला, सारखा आहे. बाहेरच्या बाजूला तीन फिकट ठिपके राहिलेत. निघताना मी एक पान देऊन आले, तारांची टोकं बाहेर का असतात, कोणत्या वेळी फोन करायचा, मशीनचा आवाज, तारा काढताना काय वाटतं, सगळं साध्या भाषेत, आणि खाली लेकीने स्वतः काढलेलं तीन वाकड्या तारांचं चित्र. डॉक्टरांनी वाचून दोन ठिकाणी दुरुस्ती केली आणि सिस्टरना सांगितलं की डिस्चार्ज कार्डाबरोबर हे द्यायला सुरुवात करा.